पाच कथा, पाच रात्री : 'एक्स्ट्रॉर्डिनरी टेल्स' घरी कसा पाहावा

एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या पाच कथांवर बेतलेला 'एक्स्ट्रॉर्डिनरी टेल्स' हा ॲनिमेशनपट जेमतेम सव्वा तासाचा आहे, आणि त्याची लांबी पाहूनच बहुतेक जण तो एका बैठकीत उरकून टाकतात. मीही पहिल्यांदा तेच केले. खानापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, श्रावणातल्या एका रविवारी, भाचरे आणि शेजारची मुले अशा अकरा जणांसमोर मी तो लावला. पहिल्या कथेला सगळे चिडीचूप होते. दुसऱ्या कथेत आवाजाला खरखर येऊ लागली, तेव्हा थोरल्या भाच्याने उठून स्पीकरच्या वायरी हलवून पाहिल्या. तिसऱ्या कथेपर्यंत भडंगाची परात रिकामी झाली होती, आणि पाचवी कथा लागली तेव्हा दोन मुले झोपली होती व एकीने विचारले, "मामा, ह्यात कोण बोलतच न्हाईत, आवाज गेला काय?"

आवाज गेला नव्हता, आणि ती खरखर हाही बिघाड नव्हता. दोन्ही गोष्टी दिग्दर्शकाने जाणूनबुजून ठेवलेल्या होत्या. मी मात्र मुलांना त्याची काहीच कल्पना न देता थेट पडद्यासमोर बसवले होते. त्यानंतर हाच चित्रपट मी आणखी दोन गटांबरोबर पाहिला, आणि दर वेळी पद्धत थोडी बदलत गेलो. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि शिकवणीत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी मुले बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरोघरी आहेत. त्यांना हा चित्रपट दाखवू इच्छिणाऱ्यांसाठी, आणि एकट्याने पाहणाऱ्या मोठ्यांसाठीही, ही पद्धत लिहून ठेवत आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घ्यावे

राउल गार्सिया हे या चित्रपटाचे दिग्दर्शक. हे स्पॅनिश ॲनिमेटर काही काळ डिस्नेत काम करीत होते. यातील काही भाग आधी स्वतंत्र लघुपट म्हणून तयार झाले आणि पुढे एकत्र गुंफले गेले. अमेरिकेत हा संच २०१५ च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला. पाचही कथांची चित्रशैली वेगळी आहे आणि पहिल्या चार कथा सांगणारे आवाजही वेगळे आहेत. त्यांना जोडणारा धागा असा, की एका दफनभूमीत कावळ्याच्या कुळातला एक काळा पक्षी आणि मृत्यू यांचा संवाद चालू आहे. तो पक्षी म्हणजे खुद्द पो, आणि मृत्यूचा आवाज स्त्रीचा आहे. मृत्यूला 'तो' म्हणायची सवय असलेल्या आपल्या कानांना हा स्त्रीचा आवाज थोडा खटकतो. यमराज आणि त्यांचा रेडा डोक्यात असलेल्या मुलांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी.

त्याहून महत्त्वाचा फरक भीतीच्या जातीचा आहे. आपल्याकडच्या भुताच्या गोष्टीत भुताला काहीतरी हवे असते. पिंपळावरच्या मुंजाची सोडमुंज राहिलेली असते, बाळंतपणात गेलेल्या बाईचा जीव मुलात अडकलेला असतो, आणि गावातल्या जाणत्या माणसाला नारळ, लिंबू, दहीभात यांपैकी कशाने भागेल हे ठाऊक असते. पोच्या कथेत उतारा नाही. पुष्कळदा भूतही नाही. कुजलेले असते ते घर, किंवा सांगणाऱ्याचे मन, आणि ते घर व ते मन यांत कुठे सांधा आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. 'भूत कधी येणार?' असे विचारत बसलेल्या मुलाची निराशाच होते. 'सांगणारा खरे बोलतो आहे का?' हा प्रश्न घेऊन बसलेले मूल मात्र हलत नाही. माझ्या पद्धतीचे सगळे सार या एका प्रश्नात आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तो प्रश्न मुलांच्या मनात वेळेवर रुजावा यासाठीच आहेत.

रात्री ठरवाव्यात आणि माणसे निवडावीत

पाच कथांसाठी पाच रात्री ठेवाव्यात. ते जमत नसेल तर तीन रात्री ठेवाव्यात, म्हणजे पहिल्या दोन रात्री प्रत्येकी दोन कथा आणि शेवटच्या रात्री एकटी पाचवी कथा. क्रम बदलू नये. मी एकदा सर्वांत सोपी कथा आधी दाखवावी म्हणून मधूनच सुरुवात केली आणि दफनभूमीतील संभाषणाचा पार विचका झाला, कारण तो पक्षी आधीच्या कथेचा संदर्भ घेऊन पुढे बोलत असतो. थांबण्याची जागाही जपून निवडावी: कथा संपली की लगेच थांबवू नये, पडदा पुन्हा दफनभूमीत येतो तो संवाद ऐकावा आणि पुढची कथा सुरू होण्याच्या बेतात असताना थांबवावे.

मुले साधारण तेरा वर्षांच्या पुढची असावीत. रक्तपात फार नाही, पण कुजणे, जिवंतपणी पुरले जाणे आणि छळ हे विषय आहेत, आणि पाचव्या कथेत विलासी मेजवानीची दृश्ये आहेत. म्हणून मोठ्यांपैकी एकाने संपूर्ण चित्रपट आधी एकट्याने पाहिलेला असावा. सहा-सात जणांहून मोठा गट करू नये. अकरा जण म्हणजे जत्रा होते.

कथा आधी सांगावी, पण कुठवर सांगावी?

पोचे इंग्रजी एकोणिसाव्या शतकातले, लांबलचक वाक्यांचे आहे, आणि चित्रपटातील निवेदन बरेचसे मूळ कथेच्या शब्दांवरच चालते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही ते एका ऐकण्यात पेलत नाही. मराठी उपशीर्षकांवर विसंबून राहू नये. इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवावीत, म्हणजे कानाने सुटलेला शब्द डोळ्यांना सापडतो. चित्रपट चालू असताना शेजारी बसून मराठीत अर्थ सांगत राहणे, ही मात्र मी पहिल्या वेळी केलेली दुसरी चूक. त्याने सांगणाऱ्याचा आवाज झाकला जातो, आणि या चित्रपटात तो आवाज हेच मुख्य पात्र आहे.

त्याऐवजी दुपारी किंवा जेवणाआधी कथेचा पूर्वार्ध मराठीत सांगावा. पोच्या कथा स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाल्या आहेत, त्यामुळे मूळ मजकूर फुकट आणि रीतसर मिळतो. तो स्वतः वाचून अर्ध्या पानाचे टिपण करावे आणि सांगताना प्रथमपुरुषीच सांगावे. 'एक माणूस होता, त्याला वाटायचे' असे सुरू केले की ऐकणारा सुरक्षित अंतरावर जाऊन बसतो; 'मी वेडा नाही, नीट ऐका म्हणजे तुमच्याच लक्षात येईल' असे सुरू केले की तो जवळ सरकतो. शेवट अर्थातच सांगू नये.

कुठवर सांगावे याचा अंदाज कथेगणिक वेगळा आहे. पहिल्या कथेत, म्हणजे 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर'मध्ये, बालमित्राच्या पत्रावरून निवेदक त्याच्या घरी पोहोचतो, आणि मित्राच्या बहिणीला असा आजार आहे की ती तासन्‌तास मेल्यासारखी निपचित पडते, येथवर सांगावे. त्या आजाराची कल्पना न देता कथा दाखवली तर शेवट नुसता धक्का वाटतो. तिसऱ्या कथेसाठी मेस्मेरिझम म्हणजे काय ते सांगावे लागते. संमोहनाचा तो जुना अवतार १८४० च्या दशकात लोकांना शास्त्र वाटत होता, इतका की ही कथा १८४५ च्या डिसेंबरात छापून आली तेव्हा काही वाचकांनी ती खरी हकिगत समजून घेतली. चौथीसाठी स्पेनमधील धर्मन्यायालयाबद्दल, इन्क्विझिशनबद्दल, चार वाक्ये पुरतात. गोव्यातही इन्क्विझिशन होते हे आमच्या भागातल्या मुलांना कुठेतरी ऐकून माहीत असते, त्यामुळे ते फार समजवावे लागत नाही.

खोली, आवाज आणि वीज

खानापूरच्या पावसात पत्र्याखाली बसून कुजबुज ऐकू येत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, तरीही दर वर्षी कोणीतरी पावसाळ्यातच भयपटाचा बेत करतो. पावसाच्या सरी असतील तर कौलारू किंवा स्लॅबखालची आतली खोली घ्यावी. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बहुधा मागच्या किंवा खालच्या बाजूला तोंड करून असतात आणि माणसाचा आवाज त्यांतून बोदा येतो. साधा बाहेरचा स्पीकर बसणाऱ्यांच्या कानाच्या उंचीवर, स्टुलावर ठेवला तरी फरक पडतो. आवाज मोठा ठेवण्यापेक्षा पंखा बंद करणे अधिक उपयोगी ठरते.

खोली पूर्ण काळोखी करू नये. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडद्यावर पडू न देता टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवावा. काळ्या-पांढऱ्या दुसऱ्या कथेत डोळ्यांना त्याचा आधार होतो. टीव्हीच्या चित्र-व्यवस्थेत 'व्हिव्हिड' निवडलेले असेल तर ते बदलून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करावे, नाहीतर पाचव्या कथेतील रंगाचे फटकारे गणपतीच्या मांडवासारखे भडक दिसतात. वीज जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून चित्रपट रीतसर उतरवून घेण्याची सोय असेल तर तो लॅपटॉपवर उतरवून बॅटरी भरून ठेवावी. खाणे कथेच्या आधी किंवा नंतर ठेवावे. भडंग तर अजिबात नको. कुंदा चालतो, कारण तो खाताना आवाज होत नाही. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

पाच रात्री

पहिल्या रात्रीचा आवाज ब्रिटिश नट ख्रिस्तोफर ली यांचा आहे. पात्रे लाकडात कोरल्यासारखी, कोन-कंगोऱ्यांची आहेत. मुलांना एकच काम द्यावे: घराच्या भिंतीवरून उतरत जाणारी भेग मूळ कथेत अगदी आरंभी येते, ती पडद्यावर कुठे कुठे दिसते ते शोधणे. ज्यांनी पडका वाडा आतून पाहिला आहे, ज्यांच्या घरात 'ह्या भिंतीला हात लावू नका' असे म्हणून एक खोली बंद असते, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. भाऊबंदकीत अडकलेला आणि कोणीच दुरुस्त न केलेला वाडा कसा खचतो हे आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एकदा तरी पाहायला मिळते.

दुसऱ्या रात्रीसाठी तयारी थोडी जास्त लागते, आणि मला स्वतःला हीच रात्र सर्वांत प्रिय आहे. 'द टेल-टेल हार्ट' ही १८४३ सालची कथा जेमतेम दोन हजारांच्या आसपास शब्दांची आहे. निवेदक एका म्हाताऱ्याच्या फिकट निळ्या, सारा आलेल्या डोळ्याला घाबरतो, सात रात्री मध्यरात्री त्याच्या खोलीत डोकावतो आणि आठव्या रात्री त्याला मारून फरशीच्या फळ्यांखाली लपवतो. पुढे पोलीस येतात. येथवर सांगून थांबावे.

निवेदन जुन्या भयपटांतील नट बेला लुगोसी यांचे आहे, आणि ते १९५६ मध्ये वारले; म्हणजे हे त्यांच्या हयातीतले जुने ध्वनिमुद्रण आहे आणि खरखर त्या मुद्रणाची आहे. ही माहिती आधी दिली की कोणी वायरी हलवत नाही. लुगोसींच्या इंग्रजीवर हंगेरियन हेल आहे, त्यामुळे एखादा शब्द कळला नाही तर मुलांनी स्वतःला कमी लेखू नये, हेही सांगावे. चित्रे निव्वळ काळी आणि पांढरी आहेत, मधला राखाडी रंग जवळजवळ नाही. अर्जेंटिनाचे चित्रकथाकार अल्बर्टो ब्रेचिया यांच्या शैलीला दिलेली ती दाद आहे. काळ्या भागात काय आहे ते डोळा स्वतःच भरून काढतो आणि चुकीचे भरतो.

या कथेत निवेदकाला एक आवाज ऐकू येतो, आणि पो त्याला कापसात गुंडाळलेल्या घड्याळाची उपमा देतो. आजच्या मुलांनी घड्याळाची टिकटिकच धड ऐकलेली नाही, मग कापसातली कुठून ऐकणार? आमच्या माळ्यावर चावीचे एक गजराचे घड्याळ होते. ते मी पुसून चालू केले, दिव्याच्या वातींसाठी ठेवलेल्या कापसात गुंडाळले, जमिनीवर ठेवून त्यावर लाकडी पाट पालथा घातला आणि मुलांना एकेक करून पाटाला कान लावायला सांगितले. पहिल्याला काही ऐकू आले नाही. दुसरीला आले. मग पहिला पुन्हा वाकला आणि त्यालाही आले. ज्याला एकदा ऐकू आले त्याला पाटापासून दोन हात दूर बसूनही ते येतच राहिले, निदान तसे तो म्हणत होता. धाकट्या भाचीने मात्र तेवढ्यात पाट उचलून पाहिला. घड्याळ केव्हाच बंद पडले होते. चावी पुरती बसली नव्हती. याहून चांगली प्रस्तावना मला ठरवूनही जमली नसती. आता मी घड्याळाला चावी मुद्दामच अर्धी देतो.

तिसरी रात्र, 'द फॅक्ट्स इन द केस ऑफ एम. वाल्डेमार', जुन्या छापील चित्रकथेच्या रंगांत आहे. निवेदन नट ज्युलियन सँड्स यांचे, आणि संमोहन करणाऱ्याचा चेहरा जुन्या भयपटांतील नट व्हिन्सेंट प्राइस यांच्यावर बेतलेला. मरणाच्या उंबरठ्यावर संमोहित केलेला माणूस सात महिने तसाच राहतो, ही कल्पनाच एवढी दमदार आहे की येथे काही शोधायला सांगण्याची गरज नाही. शेवट किळसवाणा आहे. जेवणानंतर लगेच दाखवू नये.

चौथी, 'द पिट अँड द पेंड्युलम', मला या संचात सर्वांत फिकी वाटते. निवेदन मेक्सिकन चित्रपट-दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो यांचे आहे, ते उत्तम आहे, परंतु संगणकावर घडवलेली वास्तववादी चित्रे आता खेळातल्यासारखी दिसतात, आणि मूळ कथेत काळोखात चाचपडून कोठडीचे माप घेणाऱ्या कैद्याची जी घुसमट आहे ती सर्व काही दिसू लागल्यावर उरत नाही. म्हणून या रात्री पहिली दोन-तीन मिनिटे डोळे मिटून ऐकण्याचा प्रयोग करावा. तो बहुतेकांना चित्रापेक्षा अधिक आवडतो.

पाचव्या रात्री कोणीही मध्ये बोलायचे नाही, असे ठरवून बसावे, कारण 'द मास्क ऑफ द रेड डेथ'मध्ये निवेदन नाही आणि संवाद जवळजवळ नाहीतच. राजपुत्र प्रॉस्पेरोचा तेवढा आवाज आहे, तो रॉजर कॉर्मन यांचा, ज्यांनी १९६० च्या दशकात पोच्या कथांवर चित्रपटांची मालिकाच काढली होती. चित्रे रंगवलेल्या कॅनव्हाससारखी आहेत आणि माणसांची हाडकुळी, वाकडी शरीरे ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीले यांची आठवण करून देतात.

चार रात्री आवाजावर लक्ष ठेवायला शिकलेल्या मुलांपुढे आता आवाजच काढून घेतला जातो, म्हणून कथा आधी अधिक तपशिलाने सांगावी लागते. देशात रोगाची साथ पसरली असता प्रॉस्पेरो हजार मित्रांना घेऊन तटबंदीच्या मठात शिरतो आणि लोखंडी दरवाजे आतून कायमचे बंद करून टाकतो. पाच-सहा महिन्यांनी तो मुखवट्यांचा नाच ठेवतो, सात दालनांत. या दालनांसाठी मी जमिनीवर रंगीत कागद ओळीने मांडतो: पूर्वेला निळा, मग जांभळा, हिरवा, नारिंगी, पांढरा, पुन्हा जांभळ्याच छटेचा आणि पश्चिमेला काळा, ज्याच्या खिडकीच्या काचा रक्तासारख्या लाल आहेत आणि ज्यात आबनुसी घड्याळ आहे. सूर्य कुठून कुठे जातो एवढे विचारले की मुले बाकीचे स्वतः बोलतात.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तो बेळगाव-धारवाडकडेही पोहोचला. घरात उंदीर मरून पडला की माणसे घर सोडत आणि गावाबाहेर मळ्यात झोपड्या घालून राहत. आमच्या पणजीची एक आठवण घरात सांगितली जाते, की झोपडीत ती रोज विचारायची, गावातले दार कोणी लावले का. ही गोष्ट मी कथेच्या आधी सांगत नाही, नंतर सांगतो. गेल्या खेपेला ती ऐकून धाकटी भाची काळ्या कागदाजवळ बसून राहिली आणि म्हणाली, "मग आपल्याकडचे लोक भाईर गेले, आन् तो आत गेला." कागद गोळा करायला नंतर कोणी उठले नाही.

चर्चा लांबवू नये, पण पोविषयी दोन गोष्टी या शेवटच्या रात्रीच सांगाव्यात, आधी नव्हे. त्याचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बोस्टनमध्ये झाला; आई १८११ मध्ये क्षयाने गेली तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. त्याची पत्नी व्हर्जिनिया हिला १८४२ च्या जानेवारीत गाताना रक्ताची गुळणी आली, त्याच वर्षी मे महिन्यात लाल साथीची ही कथा छापली गेली, आणि १८४७ मध्ये तीही क्षयानेच गेली. हे कळल्यावर मुले आपणहून पहिल्या रात्रीच्या बहिणीकडे वळतात आणि दफनभूमीतील त्या पक्ष्याचे बोलणे पुन्हा ऐकू मागतात. ते जरूर पुन्हा लावावे. मधल्या कथा गाळून केवळ जोडसंवाद सलग पाहिले तर तो एक सहावा छोटा चित्रपटच होतो.

कोणाला अजून पाहायचेच असेल तर १९५३ मध्ये यूपीए या अमेरिकन स्टुडिओने 'द टेल-टेल हार्ट'वरच केलेला आठेक मिनिटांचा ॲनिमेशनपट शोधावा. निवेदन जेम्स मेसन यांचे आहे आणि ब्रिटनमध्ये त्याला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले होते. तो दुसऱ्या रात्री मात्र लावू नये, आठवडाभराने लावावा, आणि घड्याळ तोवर माळ्यावर ठेवून द्यावे.